खाली दुकान, वर कचेरी : बर्डीच्या मनोऱ्याचा मागोवा

सावनेरहून छिंदवाडा रोडने नागपूरकडे निघालं, की पाटणसावंगी, कोराडी, मानकापूर, सदर करत रस्ता झिरो माइलपाशी येतो. तिथे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने १९०७ साली उभारलेला दगडी खांब आहे, चार घोड्यांची शिल्पं आहेत आणि शेजारी मेट्रोचं स्थानक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालेलं हे स्थानक महामेट्रोने वीस मजली इमारतीचा भाग म्हणून योजलं. इमारतीच्या पोटातून गाडी जावी आणि गाडीच्या वर-खाली दुकानं, कचेऱ्या असाव्यात, अशी ती कल्पना. अशा इमारतींबद्दल नागपुरात बोलताना लोक सिंगापूर-दुबईची नावं घेतात. मला ते पटत नाही. या मनोऱ्याचे पूर्वज इथेच सापडतात, आणि त्यांचा माग काढायला लागलं की वाट दोनदा सावनेर तालुक्यातून जाते.

सर्वांत जुना पूर्वज इतवारीत आहे. भोसल्यांच्या नागपुरात वस्त्यांना बाजाराच्या वारांवरून नावं पडली : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. या पेठांतलं व्यापाऱ्याचं घर म्हणजे पुढे गादी, मागे कोठार आणि माडीवर बिऱ्हाड. सावनेरच्या जुन्या बाजारपेठेतही हीच रीत होती. कापूस, धान्य, किराणा खाली आणि माणसं वर. यात सोय तर होतीच, पण हिशेबही पक्का होता. एकाच जागेचं भाडं वा व्याज धंदा भरत असे आणि त्यावर कुटुंब राहत असे. कामाला जायला रस्ता ओलांडावा लागत नसे. दुकान बंद झालं तरी वरच्या खिडकीत दिवा असे, त्यामुळे पेठ रात्री ओस पडत नसे.

या घरांची उंची मात्र माणसाच्या गुडघ्यांनी ठरवली. दोन-तीन जिने चढेपर्यंत ठीक, त्यापुढे कोण चढणार? म्हणून सगळ्यात वरची जागा सगळ्यात स्वस्त. तिथे अडगळ, धान्य, नाहीतर गरीब भाडेकरू. प्राचीन रोममध्येही भाड्याच्या उंच इमारतींत तळाला दुकानं आणि वर चढत जाल तशी गरिबी, हाच क्रम होता. जिन्याच्या युगात श्रीमंती जमिनीलगत राहत असे.

बर्डीची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला, आणि शहराचा तोल जुन्या महाल-इतवारीकडून पश्चिमेला झुकू लागला. पुढे किल्ला, छावणी, सिव्हिल लाइन्स आल्या. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. स्टेशन आणि साहेबांची वस्ती यांच्यामध्ये सापडलेली बर्डी आपोआप बाजार झाली. चाकं जिथे थांबतात तिथे दुकान लागतं, आणि दुकानावर मजला चढतो. बर्डीच्या मेन रोडवर आजही हेच दिसतं : खाली कापडाचं दुकान, वर डॉक्टर, त्याच्यावर वकील किंवा शिकवणी वर्ग. मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना छेदण्यासाठी नेमक्या बर्डीतच आल्या, यात मला नवल वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने जे सुरू केलं तेच हे पुढे चाललं आहे.

आता सावनेरकडे येऊ, पण गिरणीच्या वाटेने. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढायचं ठरवलं, कारण कापूस भोवताली पिकत होता, रेल्वे होती आणि वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली. इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, असला खड्डा भरायला सोनं मातीत घालणार नाही म्हणाला. पुढे गिरणी फळाला आल्यावर त्यानेच, टाटांनी माती घालून सोनं काढलं अशी कबुली दिली, असं सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वेच्या नोकरीतून आलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक. नागपूरच्या गिरण्या भोवतालच्या कापसावर उभ्या राहिल्या, आणि त्या कापसाच्या पट्ट्यात सावनेर होतं. कोलार नदीच्या काठी जिनिंगचे कारखाने निघाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन सावनेरवरून गेली आणि माल शहराकडे नेणं सोपं झालं.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. या मागोव्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. दुकान, कचेरी, घर एकत्र असलेल्या उंच संमिश्र इमारतीला पैशाआधी लागतो तो मोठा, एकसंध, एकाच मालकाच्या नावाचा भूखंड. इतवारीत तो मिळत नाही. तिथे दहा-बारा फूट रुंद दर्शनी भाग, मागे लांबच लांब घर, आणि मालमत्ता पत्रकावर चार भावांची, दोन काकूंची आणि जुन्या भाडेकरूंची नावं. असा भूखंड गिरणीकडे असतो, रेल्वेकडे असतो, सरकारकडे असतो. मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर जे झालं त्याचं कारणही हेच. म्हणून शहराच्या मध्यभागी मनोरा उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाखाली बहुधा कुणाची तरी रोजी असते. गिरणी कामगारांच्या देण्यांची चर्चा बाजूला ठेवून त्या इमारतींचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

जिन्याचा क्रम उलटवला तो लिफ्टने. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिसने दोर तुटला तरी न कोसळणारी लिफ्ट दाखवली, आणि १८५७ मध्ये तिथल्या एका दुकानात प्रवासी लिफ्ट बसली. १८८५ मध्ये शिकागोत दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग लोखंडी सांगाड्यावर उभी राहिली, भिंतीवरचा भार सांगाड्याने उचलला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला होता. पुढे हॉटेल बंद पडलं, जागेचे लहान भाग केले गेले, वकिलांच्या कचेऱ्या आणि भाडेकरू त्यात आले. इस्प्लनेड मॅन्शन या नावाने ती इमारत दीर्घकाळ दुकान, कचेरी आणि घर हे तिन्ही होती. लिफ्टनंतर मात्र सगळ्यात वरचा मजला सगळ्यात महाग झाला.

आणि लिफ्ट विजेवर चालते. सावनेरच्या वाटेवर खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक वीजकेंद्रं आहेत. कोराडीचा पहिला संच १९७४ मधला. सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी या पट्ट्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) भूमिगत खाणी. बर्डीतला माणूस बटण दाबून बाराव्या मजल्यावर पोहोचतो तेव्हा त्याच्या उंचीमागे या पट्ट्यात पाळीवर जमिनीखाली उतरणारे कामगार असतात. आधी कापूस दिला, मग कोळसा. राख आणि धूळ मात्र तालुक्याकडेच राहिली. शहराच्या मध्यभागाचा इतिहास लिहिताना हे हिशेबात धरलंच पाहिजे.

मधल्या काळात कायद्याने घर आणि धंदा वेगळे केले. कारखान्यांच्या धुरापासून वस्ती वाचवायची होती, ते योग्यच होतं. नगररचनेचे कायदे आले, नकाशांवर निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग भरले गेले. नागपुरात १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला, राज्यात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. पण रंग इतके कडक पाळले गेले की मुंबईत नरिमन पॉइंट संध्याकाळी सातनंतर रिकामा होऊ लागला. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जने १९६१ मध्येच न्यूयॉर्कबद्दल लिहिताना इशारा दिला होता की, रस्त्याला दिवसभर वेगवेगळ्या कारणांनी येणारी माणसं हवीत. इतवारीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

परतीची वाट चटईक्षेत्राच्या नियमांतून आली. २०१७ मध्ये राज्य सरकारने नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चार इतका चटईक्षेत्र निर्देशांक देऊ केला. म्हणजे एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर चार हजार चौरस मीटर बांधकाम, अर्थात रस्त्याची रुंदी वगैरे अटी पाळून आणि जादा क्षेत्राचं अधिमूल्य भरून. तर्क सरळ आहे. नुसत्या कचेऱ्या असतील तर सकाळी गाडी एका दिशेने भरते आणि दुसरीकडे रिकामी धावते. घरं, दुकानं, कचेऱ्या एकत्र असतील तर दोन्ही बाजूंनी प्रवासी मिळतात, आणि दिवसा कचेरीला लागणारी वाहनतळाची जागा रात्री रहिवाशांना उपयोगी पडते. व्यापाऱ्याने माडीवर बिऱ्हाड थाटताना केलेलाच हा हिशेब, फक्त आता तो नियमावलीच्या भाषेत मांडला आहे.

एक गोष्ट मात्र परत आलेली नाही, ती म्हणजे रस्त्याला लागून असलेला ओटा. इतवारीच्या दुकानात शिरायला दरवाजा नव्हता. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून भाव करत असे. मनोऱ्याच्या तळाला काच असते, सुरक्षारक्षक असतो, तपासणी असते, आणि वाहनांचा उतार फुटपाथ कापून जातो. मोरभवन बसस्थानकावर एसटीतून उतरणाऱ्या माणसाला, दवाखान्यात किंवा कोर्टात आलेल्याला, सावलीत दोन मिनिटं टेकायची जागा तिथे नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. तरी त्यांची जागा इमारतीच्या नकाशात दाखवलेली मला कुठे दिसत नाही. तळमजला सगळ्यांचा नसेल तर त्या इमारतीला संमिश्र म्हणायला माझं मन तयार होत नाही.

मेट्रोचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जातो, सावनेरकडे नाही. छोटी लाइन २०१५ मध्ये बंद होऊन तिच्या जागी मोठी लाइन आली, तेवढाच सावनेरला रुळांचा आधार. नियम मात्र आधीच पोहोचले आहेत. डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे, नगर परिषदांनाही. सावनेरच्या बाजारात जुनं घर पाडून तीन-चार मजली कॉम्प्लेक्स बांधायचं झालं, तर नकाशा याच पुस्तकानुसार मंजूर होईल. त्या नकाशात रस्त्याकडेची पहिली दहा फूट जागा कुणासाठी ठेवायची, हे ठरवायला सावनेरला अजून वेळ आहे. बर्डीत तो गेला.