उसवतां येणारी शिवण

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका नव्या जोड्यानें भर रस्त्यांत आमची संगत सोडली. जोडा दिसण्यांत उंची होता आणि किंमतहि तशीच मोजली होती; पण दोन सरी पडतांच उजव्या पायाचा तळ पुढून सुटला आणि मगरीच्या जबड्याप्रमाणें प्रत्येक पावलाला उघडूं-मिटूं लागला. तशाच फडफडत्या पायानें आम्ही कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे गेलों. हे गृहस्थ गेलीं पुष्कळ वर्षें त्याच पिंपळाखालीं बसत आले आहेत. त्यांनीं जोडा उलटा केला, कडेवरून अंगठा फिरविला आणि म्हटलें, "साहेब, चिकटवून देतों, पण हा पुन्हां सुटणार. याला शिवायला जागाच ठेवलेली नाहीं. तुमचा तो जुना तांबडा जोडा आणा, त्याला तिसरा तळ लावून देतों."

त्यांच्या ह्या 'जागा' शब्दानें आम्हांस विचारांत पाडलें. टिकाऊ जोडा म्हणजे जाड, जड, दगडासारखा जोडा, अशी समजूत आपल्या घराघरांत रूढ आहे. पण रस्ता ही सहाण आहे. तिच्यावर चंदन झिजतें तसा तळहि झिजावयाचाच. तेव्हां जोड्याचा झिजणारा भाग न झिजणाऱ्या भागापासून सुखरूप वेगळा करतां येतो कीं नाहीं, हा टिकाऊपणाचा खरा प्रश्न होय. वरचें चामडें नीट राखलें तर दहा-वीस वर्षें पुरतें. तळाला तेवढें आयुष्य नसतें. दोघांची गांठ अशी मारली पाहिजे कीं एकाच्या मरणानें दुसऱ्याला सती जावें लागूं नये. युरोपांतील चर्मकारांनीं ही गांठ शोधून काढली. तिचा इतिहास मोठा मनोरंजक असून त्याचे एकदोन धागे आपल्या देशापर्यंतहि येऊन पोंचतात.

मध्ययुगांत युरोपीय जोडा उलटा शिवीत आणि पिशवी उलटवावी तसा उलटवून सुलटा करीत. शिवण आंत झांकली जाई, जोडा मऊ होई. पण तळाला वरून ठिगळ लावण्यापलीकडे दुरुस्तीला फारसा वाव नसे. पंधरावें शतक संपून सोळावें सुरू होण्याच्या सुमारास निराळी रीत प्रचारांत आली. चोळीच्या कडेस गोट लावतात तसा चामड्याचा एक अरुंद गोट जोड्याच्या कडेनें लावूं लागले. आंतला तळ, वरचें चामडें आणि हा गोट या तिहींतून एक शिवण. मग गोट आणि बाहेरचा तळ या दोहोंतून दुसरी. दुसरी शिवण कापून तळ काढून टाकला तरी पहिलीच्या अंगाला धक्का लागत नाहीं. सर्व युक्ति एवढीच. आठव्या हेन्रीचें 'मेरी रोझ' हें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें आणि १९८२ सालीं समुद्रतळावरून वर काढण्यांत आलें. त्यांत खलाशांचीं जीं शेंकडों पादत्राणें सांपडलीं त्यांत ह्या गोटाचेहि जोडे आहेत.

हें काम हातानें करणें म्हणजे कसोटीच असे. वांकड्या आरीनें भोंक पाडावयाचें, त्या वांकड्या भोंकांतून सरळ सुई जात नाहीं म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकांस रानडुकराचा राठ केंस वळून बसवावयाचा, आणि दोन्ही बाजूंनीं दोरा ओढून टांका आवळावयाचा. ह्या कसबासाठीं इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टन हें गांव प्रसिद्धीस आलें. आसपास गुरांचीं कुरणें, कातडें कमावण्यास ओकची साल, नदीचें पाणी आणि देशाच्या मध्यावरची जागा, इतक्या गोष्टी तेथें एकत्र होत्या. १६४२ सालीं आयर्लंडांत जाणाऱ्या फौजेसाठीं ४,००० जोडे आणि ६०० उंच बूट पुरविण्याचा मक्ता टॉमस पेंडलटन व त्याच्या सोबत्यांनीं घेतला. माल गेला, पैसे मात्र फार दिवस लोंबकळले! सरकारी मक्त्यांचें हें शास्त्र पुरातन दिसतें.

येथें थोडें विषयांतर होत आहे, पण तें सोडवत नाहीं. पार्लमेंटांत हिंदुस्थानची बाजू मांडल्यामुळें ज्यांस 'हिंदुस्थानचे सभासद' असें म्हणत, ते चार्लस ब्रॅडलॉ ह्याच नॉर्दॅम्प्टनचे प्रतिनिधि. १८८० सालीं ते निवडून आले. शपथेच्या वादावरून त्यांस सभागृहांत बसूं देईनात, तरी तेथील मतदारांनीं त्यांसच पुनःपुन्हां निवडून दिलें, आणि ह्या मतदारांत चर्मकारांचा भरणा मोठा होता. १८८९ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास ब्रॅडलॉ मुद्दाम आले होते. जोडे शिवणारे लोक काम करतां करतां वाचून घेत, वाद घालीत आणि सहसा कोणास भीत नसत, अशी त्यांची ख्याति तिकडे होती.

परंतु गोटाचा जोडा सामान्य कारकुनाच्या आवांक्यांत आला तो नॉर्दॅम्प्टनमुळें नव्हे, अमेरिकेंतील यंत्रांमुळें. १८५८ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या लायमन ब्लेक यानें तळ शिवण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें तें गॉर्डन मॅके यानें विकत घेऊन सुधारलें, आणि १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटून सैन्यास जोड्यांची निकड लागतांच त्याचें नशीब उघडलें. मॅके यंत्र विकीत नसे. भाड्यानें देई आणि शिवलेल्या प्रत्येक जोडीमागें पट्टी घेई. ह्या यंत्राचा टांका मात्र आंतल्या तळांतून थेट बाहेरच्या तळांत जातो. त्यामुळें जोडा हलका व सडपातळ होतो, पण टांक्याच्या वाटेनें ओल आंत शिरते.

गोटाची खरी शिवण यंत्राला साधत नव्हती, कारण तिच्यासाठीं सुईच वांकडी पाहिजे. १८६२ सालीं ऑगस्ट डेस्टुई यानें वांकड्या सुईचें यंत्र काढलें. तें आपल्याकडे घेऊन पुढील दहा-बारा वर्षांत कामास येईल असें ज्यानें केलें, त्याचें नांव चार्लस गुडइयर धाकटा. थोरला गुडइयर म्हणजे रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति १८३९ सालीं शोधणारा आणि १८६० सालीं कर्जांत बुडूनच वारलेला तो दुर्दैवी संशोधक. बापानें रबराला आयुष्य दिलें, मुलानें चामड्याच्या जोड्याला दिलें. मोटारीच्या चाकांवर जें नांव आहे तें बापाच्या स्मरणार्थ दुसऱ्यांनीं घेतलेलें आहे. चर्मकारांच्या बोलण्यांत मात्र 'गुडइयर' म्हणजे मुलाची शिवण.

अजून एक अडचण उरली होती. वरचें चामडें लाकडी सांच्यावर ओढून, चुण्या पाडून, टांचेपासून बोटांपर्यंत नीट बसविणें हें काम हाताखेरीज होणें नाहीं, असें त्या कारागिरांस वाटे. आणि त्या जोरावर ते मजुरीहि चांगली मिळवीत. हें कोडें सोडविलें जॅन मॅट्झेलिगर या तरुणानें. त्याचा जन्म १८५२ सालीं डच गियानांतील पारामारिबो येथें झाला. बाप डच एंजिनियर, आई कृष्णवर्णीय. लिन ह्या जोड्यांच्या गांवीं कारखान्यांत काम करीत, रात्री इंग्रजी व यंत्रशास्त्र शिकत, अर्धपोटीं राहून त्यानें सिगारच्या पेट्या, तारा व लांकडाचे तुकडे यांतून पहिले नमुने केले. १८८३ च्या मार्चांत त्यास पेटंट मिळालें. हातानें दिवसास पन्नासेक जोड बसत; यंत्रानें दीडशांपासून सातशेंपर्यंत बसूं लागले. १८८९ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षांत, तो क्षयानें वारला. वर्णामुळें गांवांतील इतर चर्चांनीं त्यास आंत घेतलें नव्हतें. ज्या एका चर्चनें घेतलें त्यास तो आपले शेअर ठेवून गेला. आज ज्यांच्या पायांत कारखान्याचा जोडा आहे त्यांतील बहुतेकांस ह्या माणसाचें नांवहि ठाऊक नाहीं.

१८९९ सालीं हीं सर्व यंत्रें एका मोठ्या कंपनीच्या हातीं एकवटलीं आणि तिनेंहि तीं भाड्यानेंच देण्याचा क्रम चालू ठेविला. ही मक्तेदारी बेकायदेशीर असल्याचा निकाल १९५३ सालीं अमेरिकेच्या न्यायालयानें दिला. तोंपर्यंत जगांतील अर्धाअधिक मध्यमवर्ग गोटाच्या शिवणीवर चालत होता.

ह्या जोड्यांत आपलाहि वांटा होता, आणि तो थोडा नव्हे. माळरानावर पिवळ्या फुलांनीं डवरणारा जो तरवड आपण नुसता पाहतों, त्याच्या सालीनें मद्रास इलाख्यांत गाईचीं कातडीं कमावीत. पहिल्या महायुद्धांत इंग्रज सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठीं हें चामडें शिपाईगिरीच्या इतर सामानाइतकेंच निकडीचें ठरलें व सरकारनें तें सर्व आपल्या ताब्यांत घेतलें. नॉर्दॅम्प्टन परगण्यांत शिवलेल्या बुटांवर आपल्याकडच्या झुडुपाचा रंग चढलेला होता. त्यापूर्वींच, १८८४ सालीं, ऑगस्टस शुल्ट्झ यानें क्रोमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याचें पेटंट अमेरिकेंत घेतलें होतें. सालीला महिने लागतात, क्रोमला दिवस पुरतात. वरच्या भागाला क्रोमचें चामडें उत्तम. पण तळाला व आंतल्या तळाला सालीनें कमावलेलें चामडें घाम शोषतें, टांका धरून ठेवतें आणि हळूहळू पायाचा आकार घेतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरसाचे नवे रासायनिक प्रकार निघाले आणि शिवणीची जागा चिकटविण्यानें घेतली. ह्याबद्दल केवळ कारखानदारांस दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. स्वस्त, चिकटविलेल्या जोड्यानें कोट्यवधि अनवाणी पायांस आच्छादन दिलें, ही गोष्ट लहान नव्हे. आमची तक्रार आहे ती महागड्या चिकटविलेल्या जोड्याविषयीं. शिवाय हल्लींच्या तळांत जें पॉलियुरिथेन वापरतात तें दमट हवेंत आपोआप कुजतें. कोंकणांत कपाटांत जपून ठेविलेला बूट लग्नाच्या दिवशीं पायांत घालावा आणि मांडवापर्यंत जातांना त्याचा भुगा व्हावा, असे प्रसंग वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिले असतील.

आपल्याकडे ही बुद्धि नव्हती असें नाहीं. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें चामडें, म्हशीच्या कातड्याचा तळ, आणि खिळ्याऐवजीं चामड्याच्याच वादीची शिवण, अशी कोल्हापुरी वहाण मुळापासून उसवून पुन्हां बांधतां येते. २०१९ सालीं तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा आहे. २०२५ च्या जूनमध्यें मिलान येथील एका फॅशन-प्रदर्शनांत तिच्यासारखीच वहाण कोल्हापूरचें नांव न घेतां मिरविली गेली, तेव्हां आपण सर्व रागावलों. राग योग्यच होता. परंतु ज्या हातांनीं कातडें कमावलें व वहाण शिवली त्या हातांचें पाणी आमच्याच आज्या-पणज्यांच्या घरांत चालत नव्हतें. वहाण उंबऱ्यापर्यंत येई, ती करणारा अंगणाबाहेर उभा राही. त्या रागांत ही आठवण फार थोड्यांस झाली. लिनच्या त्या चर्चांची गोष्ट आम्ही मघाशीं सांगितली, ती सांगतांना आमची लेखणी थोडी अडखळली ती ह्यामुळेंच.

आतां नवा जोडा घेण्यास निघालेल्या वाचकास उपयोगी पडेल तें सांगतों. जोड्याच्या कडेस गोट व त्यावर टांके दिसले म्हणून भुलूं नये. चिकटविलेल्या पट्टीवर नुसते शोभेचे टांके मारण्याची विद्या आतां पुष्कळ वाढली आहे. जोडा वांकवून गोट व तळ यांमधल्या फटींत पाहावें. दोरा आरपार जात असेल तर तेथें दिसतो. आंत हात घालून तळावर टांके लागले तर ती ब्लेकची रीत. वाईट नव्हे, पण आपल्या पावसाला फारशी मानवणारी नव्हे. चामडें दुमडून पाहावें: बारीक सुरकुत्या उमटल्या तर तें अस्सल, एकच जाड, चकचकीत घडी पडली तर वर प्लॅस्टिकचा लेप आहे व तो एक दिवस तडकणार. तळ रबराचा असला तरी हरकत नाहीं, तो गोटाला शिवलेला असावा. एकच जोडा रोज न घालतां दोन आळीपाळीनें घातले तर घाम वाळण्यास अवसर मिळतो. आणि तळ बदलण्यास उशीर करूं नये. झीज गोटाला लागली कीं काम दुप्पट होतें.

आम्हीं हीच परीक्षा परवां एका मोठ्या दुकानांत केली, आणि शेवटीं "याचा तळ बदलून मिळेल काय?" असें विचारलें. विक्रेता तरुण व विनयशील होता. "काका, तळ कशाला बदलायचा? तोंवर नवीन डिझाइन येईल ना!" असें तो म्हणाला. आम्ही तसेच परत फिरलों आणि जुना तांबडा जोडा घेऊन पिंपळाखालीं गेलों. त्यांनीं रापीनें बाहेरची शिवण कापली, तळ अलगद सुटून आला, आणि मधल्या बुचाच्या भुशाच्या थरावर आमच्या पायाचा ठसा, पांचहि बोटांसकट, उमटलेला दिसला. गोट एका जागीं फाटला होता. तेथें दोन बोटें नवा तुकडा जोडावा लागेल, त्याचे पैसे वेगळे पडतील, आणि जोडा गुरुवारीं मिळेल, असें त्यांनीं सांगितलें.