वीस गुहा, वीस किलोबाइट

‘मॅनिक मायनर’ हा स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचा गेम १९८३ साली लिव्हरपूलच्या बग-बाइट कंपनीनं कॅसेटवर विकायला काढला, तेव्हा तो लिहिणाऱ्या मॅथ्यू स्मिथनं अजून विशीही गाठली नव्हती. मर्सी नदीच्या पलीकडे वॉलसीला राहणारा हा मुलगा. आदल्या वर्षी अमेरिकेत बिल होगचा ‘मायनर २०४९अर’ आला होता. खाणीत उड्या मारत फिरायची कल्पना तिथली. स्मिथचा खाणकामगार विली मात्र सर्बिटनचा. जुन्या खाणीत शिरायचं, किल्ल्या गोळा करायच्या आणि हवा संपण्याआधी दारातून निसटायचं, अशा वीस गुहा.

मी कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहिते. मेमरी तिथेही मोजूनमापूनच मिळते, त्यामुळे या गेमचा कोड मी आवडीनं वाचलाय. आपल्याकडे डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला, त्याच्यामुळे माझी या यंत्राशी ओळख झाली.

४८ के स्पेक्ट्रममधले जवळजवळ सात किलोबाइट पडद्यातच जातात. पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांचं एकेक घर आणि एका घरात दोनच रंग. ही अडचण सगळ्यांनाच छळायची. स्मिथनं तिलाच कामाला लावलं. प्रत्येक गुहेला बरोबर १०२४ बाइट दिले. त्यातले पहिले ५१२ निव्वळ रंगांचे, आडवी ३२ घरं, उभी १६. नकाशा म्हणून वेगळं काही ठेवलेलंच नाही. विली ज्या घरात आहे त्याच्या रंगाचा बाइट प्रोग्रॅम पाहतो, आणि तो त्या गुहेतल्या काट्यांच्या रंगाशी जुळला की विली मेला! जमीन, भिंत, सरकता पट्टा, सगळं रंगावरूनच ओळखायचं. ठिसूळ जमिनीवर विली उभा राहिला की तिच्या ठिपक्यांची एकेक ओळ खाली सरकते. शेवटची ओळ गेली की त्या घराला पार्श्वभूमीचा रंग मिळतो आणि जमीन खरोखरच नाहीशी होते. इतकं स्वच्छ काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

आवाजाचंही तसंच. स्पेक्ट्रमचा स्पीकर प्रोसेसरलाच वाजवावा लागतो. तो वाजतोय तोवर बाकी सगळं थांबतं. म्हणून प्रत्येक हालचालीनंतर सुराचा एक छोटासा तुकडा वाजवायचा आणि लगेच पुढच्या कामाला लागायचं. ग्रीगची ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ ही धून अशी तुकड्यातुकड्यानं अख्ख्या खेळभर वाजत राहते. तोवर स्पेक्ट्रमवर खेळ चालू असताना संगीत कुणी ऐकवलं नव्हतं.

शेवटची गुहा ‘द फायनल बॅरिअर’. तिच्या वरच्या अर्ध्या भागात मोकळं आकाश आणि घर दिसतं. सुरुवातीच्या पडद्यावर असलेलंच चित्र हे. त्याचे दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट आधीच मेमरीत होते, स्मिथनं ते पुन्हा वापरले. खाणीतून बाहेर पडणाऱ्या विलीला त्याचं घर दाखवायला नव्या चित्राचा एक बाइटही लागला नाही.