सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस

लंडनच्या आग्नेय भागातील सिडनम येथील धर्मादाय शुश्रूषासंस्था. बरा न होणारा आजार असलेल्यांना अखेरपर्यंत वेदनेपासून मुक्त ठेवणे आणि त्यांच्या घरच्यांना सांभाळणे हे तिचे काम. स्थापना १९६७, संस्थापक डॉ. सिसिली साँडर्स (१९१८–२००५). मरणोन्मुखांना आसरा देणारी घरे त्याआधीही होती. पण शुश्रूषा, संशोधन आणि प्रशिक्षण एका छताखाली आणणारी ही पहिली संस्था असल्याने आधुनिक हॉस्पिस चळवळीचा उगम येथे मानतात.

साँडर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका होत्या. पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा हा ज्यू रुग्ण १९४८ साली कर्करोगाने वारला. अशा आजाऱ्यांसाठी निराळे घर हवे, असे त्याचे आणि साँडर्स यांचे बोलणे होत असे. जवळचे कोणी नसलेल्या या माणसाने त्या घराला आपली एक खिडकी असावी म्हणून ५०० पौंड मागे ठेवले. घर उभे राहायला १९ वर्षे लागली. प्रवेशदालनात साध्या काचेची ती खिडकी बसवली गेली.

मधल्या काळात साँडर्स १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा रुग्ण कळवळून मागेल तेव्हाच मॉर्फीन देण्याची रीत होती. साँडर्स यांनी ती उलटवली. दर चार तासांनी, वेदना डोके वर काढण्याआधीच, तोंडाने औषध द्यायचे. दुखणे केवळ शरीराचे नसते. मागे राहणाऱ्यांची काळजी, पैशांची विवंचना, श्रद्धेला गेलेला तडा हेही त्यात असते, हा विचार त्यांनी ‘समग्र वेदना’ या संज्ञेत मांडला. १९६९ पासून परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स यांनी येथेच बांधले. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी हेरॉइन आणि मॉर्फीनची तुलना करून, तोंडाने घेतलेले मॉर्फीन तितकेच गुणकारी असल्याचे दाखवले. गरीब देशांच्या दृष्टीने संस्थेचे हे सर्वांत मोलाचे संशोधन म्हटले पाहिजे.

संस्था राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या बाहेर राहिली, ती जाणीवपूर्वक. सरकारी चौकटीत नवे काही करून पाहता येणार नाही, असे साँडर्स यांना वाटे. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या हॉस्पिसांचा साधारण एक तृतीयांश खर्च सरकारी निधीतून भागतो. बाकीचा मृत्युपत्रातील देणग्या, जुन्या कपड्यांची व वस्तूंची दुकाने, निधीसाठीच्या धावशर्यती आणि दिवंगतांच्या स्मरणार्थ आलेले पैसे यांतून उभा करावा लागतो. स्वयंसेवकांचे श्रम वेगळेच. या मिळकतीचा भरवसा नसतो, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. २०२२ च्या कायद्याने अशी शुश्रूषा उपलब्ध करणे इंग्लंडच्या स्थानिक आरोग्य मंडळांवर बंधनकारक झाले, पण रक्कम ठरली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हॉस्पिसांसाठी १० कोटी पौंड जाहीर केले, तेही इमारती व उपकरणांसाठी. परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ही चळवळ पुढे भारतातही पोहोचली. येथील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झाले; पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. तेथेही शुश्रूषा मोफत असून खर्च देणग्यांवर चालतो. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे भारतात मॉर्फीन मिळवणे फार जिकिरीचे झाले होते. परवान्यांची ही अडचण दूर करण्यासाठी त्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करण्यात आली.