पहिली लिपी, दुसरी लिपी

मराठी शाळेत इंग्रजीचा श्रीगणेशा झाला तेव्हा गुरुजींनी आम्हांस एकाच वर्णमालेच्या चार लिप्या शिकविल्या. छापील मोठी ती पहिली, छापील लहान ती दुसरी, आणि हाताने वळवून लिहावयाच्या त्या तिसरी व चौथी. एकाच शब्दात आरंभीचे अक्षर पहिल्या लिपीतले आणि बाकीची दुसऱ्या लिपीतली, ही गोष्ट आमच्या पचनी पडावयास काही महिने लागले. विशेषनामाला मान म्हणून मोठे अक्षर, हे एक वेळ समजले. पण वाक्यारंभी आलेल्या कोणत्याही किरकोळ शब्दास तोच मान कशासाठी, असे वर्गातील एका मुलाने विचारले होते. त्याला उत्तर मिळाले की छडी, हे आता आठवत नाही.

पुढे नोकरीनिमित्त परप्रांतात हिंडताना, रुजू होण्याच्या दिवशी भरावयाच्या नमुन्यांवर ‘नाव मोठ्या अक्षरांत लिहावे’ ही सूचना आपणांपैकी बहुतेकांनी वाचली असेल. कारकून ती डोळ्यांनी तपासतो. संगणकाला डोळे नसतात. त्याच्यापाशी असतात केवळ अंक. तरीही ‘हे अक्षर मोठे की लहान?’ हा प्रश्न त्याला क्षणोक्षणी विचारला जातो आणि जवळजवळ प्रत्येक संगणकभाषेत तो विचारण्याची सोय करून ठेवलेली असते. प्रश्न पोरकट भासतो. परंतु त्याचे उत्तर देताना थोरथोर मंडळी चुकली आहेत, आणि त्या चुकांची झळ आपल्या मराठीलाही लागली आहे.

रोमन लोकांच्या शिलालेखांत सर्व अक्षरे एकाच उंचीची, म्हणजे आपण ज्यांना मोठी म्हणतो तीच असत. इ. स. ११३ मध्ये रोममध्ये उभारलेल्या ट्राजन स्तंभाच्या पायथ्याचा लेख हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. लहान अक्षरे पुढे लेखकांच्या लेखणीतून हळूहळू घडली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात त्यांना नेटके व एकसारखे वळण लाभले. तूर येथील मठाचा अधिपती झालेला इंग्रज पंडित अल्क्विन याचे नाव या सुधारणेशी जोडले जाते. पुढे मुद्रणकला आली आणि जुळाऱ्याच्या समोर खिळ्यांच्या दोन पेट्या मांडल्या जाऊ लागल्या. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत मोठ्या-लहान अक्षरांच्या भेदाला ‘केस’ म्हणतात तो याच पेटीवरून. अक्षराचा दर्जा त्याच्या उच्चारावरून ठरला नाही, तर ते कोणत्या खणातून उचलले यावरून ठरला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यंत्रांनी मात्र प्रथम हा भेद पुसूनच टाकला. एकोणिसाव्या शतकात बोदो या फ्रेंच तंत्रज्ञाने तारेसाठी जी संकेतपद्धती रचली तीत प्रत्येक चिन्हाला पाच स्पंदने होती. त्यांतून बत्तीसच जुळण्या निघतात. तेथे दोन लिप्यांची चैन परवडणार कोठून? आरंभीच्या बहुतेक संगणकांत अक्षरासाठी सहा खुणा असत, म्हणजे चौसष्ट जागा, आणि त्याही अंक व विरामचिन्हे यांनी भरून जात. १९५७ साली आलेली फोर्ट्रान ही भाषा मोठ्या अक्षरांतच लिहिली जाई. मोठे की लहान, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला १९६३ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत आस्की ही सात खुणांची, १२८ जागांची संकेतावली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरे नव्हती. त्यांच्या जागा मोकळ्या होत्या. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती तेथे येऊन बसली, आणि बसविणाऱ्यांनी जी युक्ती केली तिला दाद द्यावी तेवढी थोडी. मोठ्या ‘ए’ चा क्रमांक ६५, लहान ‘ए’ चा ९७. मोठ्या ‘बी’ चा ६६, लहान ‘बी’ चा ९८. अशा सव्वीसही जोड्यांत अंतर नेमके बत्तीसचे. यंत्राच्या द्विमान गणतीत बत्तीस म्हणजे एकच खूण. ती विझलेली असली की अक्षर मोठे, पेटलेली असली की लहान. एक दिवा लावावा वा मालवावा, इतक्या सहजतेने अक्षराचा दर्जा बदलता येऊ लागला.

सोय फार झाली की निष्काळजीपणाही येतो. तोच दिवा चौकोनी कंसापाशी लावला तर त्याचा महिरपी कंस होतो. म्हणून आधी ते अक्षरच आहे ना, हे पाहावे लागते. ते पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे क्रमांक ६५ ते ९० यांच्या दरम्यान आहे काय, एवढेच विचारणे. आस्कीपुरते हे बिनचूक आहे. पण १९६४ साली आय. बी. एम. कंपनीने आपल्या ‘३६०’ या यंत्रमालेसाठी एब्सिडिक नावाची निराळीच संकेतावली घेतली. ती छिद्रपत्रांच्या परंपरेतून आलेली असल्यामुळे तीत वर्णमाला सलग नाही. ‘आय’ चा क्रमांक २०१, तर त्यापुढील ‘जे’ चा २०९. ‘आर’ २१७ वर, तर ‘एस’ एकदम २२६ वर. शिवाय येथे लहान अक्षरे आधी आणि मोठी नंतर. ‘पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत’ असे विचारणारी आज्ञावली या यंत्रावर मधल्या खड्ड्यांतील परक्या चिन्हांनाही अक्षर समजून आत घेई. सी भाषेचे निर्माते डेनिस रिची यांनी ब्रायन कर्निघन यांच्यासह १९७८ साली लिहिलेल्या विख्यात पाठ्यपुस्तकात मोठे अक्षर लहान करण्याचे उदाहरण दिले, ते आस्कीपुरतेच खरे आहे अशी सूचना देऊन.

यावर तोडगा निघाला तो सरकारी खात्यात शोभावा असा. हिशेब करीत बसण्याऐवजी एक नोंदवहीच ठेवावयाची. प्रत्येक चिन्हापुढे शेरे मारून ठेवावयाचे: मोठे, लहान, अंक, विरामचिन्ह, रिकामी जागा. विचारणा आली की ओळ उघडून शेरा वाचून दाखवावयाचा. १९७९ च्या सुमाराच्या युनिक्स प्रणालीत सी भाषेच्या परीक्षा अशाच तक्त्यावर चालत. त्याच युनिक्सची दारावरची एक तपासणी गमतीची आहे. त्या काळी टेलिटाइप ३३ सारखी यंत्रे मोठीच अक्षरे छापीत. कोणी आपले नाव सगळे मोठ्या अक्षरांत टंकून प्रवेश मागितला, की प्रणाली समजे, या गृहस्थाच्या यंत्राला लहान अक्षरे ठाऊकच नाहीत. आणि त्यापुढे ती त्याचे सर्व लेखन लहान करून घेई.

नोंदवही आली तरी तीत लिहावयाचे काय, हा वाद उरलाच. जर्मनांच्या ‘एस्झेट’ या अक्षराला परंपरेने मोठे रूप नाही. शब्द मोठ्या अक्षरांत लिहिताना त्याच्या जागी दोन ‘एस’ येतात, म्हणजे दर्जा वाढविताच शब्दाची लांबीही वाढते. त्याचे मोठे रूप युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांनी त्याला २०१७ साली मान्यता दिली. तुर्कस्तानची कथा याहून अवघड. १९२८ साली केमाल पाशांनी रोमन लिपी स्वीकारली तेव्हा तुर्की उच्चारांसाठी ‘आय’ दोन केले, एक टिंबाचा व एक बिनटिंबाचा, आणि प्रत्येकाला मोठे व लहान अशी रूपे दिली. उच्चारशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी चोख आहे. परंतु तेथे मोठ्या बिनटिंबाच्या ‘आय’ चे लहान रूपही बिनटिंबाचेच होते. म्हणून ‘फाइल’ हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांतून लहान अक्षरांत आणताच तुर्की रीतीने चालणाऱ्या संगणकावर तो निराळाच शब्द होऊन बसे, आणि त्याची वाट पाहणारी आज्ञावली ठप्प होई.

आता आपल्या घरी येऊ. देवनागरीत मोठे-लहान नाही. ‘क’ हा वाक्यारंभी आला काय किंवा राजाच्या नावात आला काय, ‘क’ च. मग संगणकाला विचारले की ‘क’ मोठा आहे काय? नोंदवही पाहणारी परीक्षा म्हणते, नाही. लहान आहे काय? तरीही नाही. उपनिषदांतल्या नेति नेतिची आठवण व्हावी असे हे उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. पण पुष्कळ आज्ञावलीकार दुसरीच वाट धरतात. अक्षर मोठे करून पाहावयाचे; ते बदलले नाही, तर ते आधीच मोठे होते असे समजावयाचे. या कसोटीवर ‘क’ मोठा ठरतो, आणि उलट कसोटी लावली तर लहानही ठरतो! तिसरा प्रमाद सर्वांत प्रचलित: मोठे नाही, अर्थात लहान. एका कचेरीच्या यंत्रावर मी परवलीचा शब्द म्हणून चांगली लांब मराठी ओळ दिली होती. ‘निदान एक मोठे अक्षर हवे’ म्हणून ती परत आली. ती अट घालणाऱ्याच्या मनात मोठ्या-लहानापलीकडची लिपी आलीच नव्हती.

खरी हानी मात्र मराठी रोमन अक्षरांत लिहिताना होते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, तेव्हा आपल्या ‘ळ’ साठी त्यांनी ‘एल’ हे अक्षर दोनदा योजिले. संगणकाच्या काळातील हार्वर्ड-क्योटो ही लिप्यंतरपद्धती निराळ्या मार्गाने गेली. तिने मोठ्या अक्षरांनाच स्वतंत्र उच्चार दिला. लहान ‘ए’ म्हणजे अ, मोठा म्हणजे आ. लहान ‘एन’ म्हणजे न, मोठा म्हणजे ण. या रीतीने मन, मान, मण आणि साताऱ्याकडील माण हे चार शब्द केवळ अक्षरांच्या लहानमोठेपणामुळे एकमेकांपासून वेगळे राहतात. आता शोध घेणारी यंत्रे, इंग्रजीच्या सोयीसाठी, सर्व अक्षरे आधी लहान करून घेतात. तसे होताच चारही शब्द एकच होतात. माण तालुक्याचा कागद शोधणाऱ्याच्या पुढे मनाचे श्लोक येऊन पडावयास हरकत नाही. चूक यंत्राची म्हणावी, तर त्याने सांगितले तेच केले. पद्धतीची म्हणावी, तर तिला दुसरी अक्षरे कोणी दिली होती?

युनिकोडची नोंदवही आज जगातील बहुतेक लिप्यांची आहे आणि तीही स्थिर नाही. सिक्वोया याने १८२१ साली पूर्ण केलेल्या चेरोकी लिपीची अक्षरे तीत प्रथम भेदरहित म्हणून दाखल झाली. २०१५ साली लहान अक्षरांची भर पडली आणि आधीची सारी एका रात्रीत मोठी ठरली. २०१८ साली जॉर्जियन लिपीत नेमके उलट घडले: मोठी अक्षरे नव्याने आली आणि जुनी लहान म्हणून नोंदली गेली. जुनी वही जवळ बाळगणाऱ्या आज्ञावल्या त्याच अक्षरांविषयी अजून जुनेच उत्तर देतात. देवनागरीच्या प्रत्येक स्वरापुढे आणि व्यंजनापुढे त्या वहीत मोठे नव्हे, लहानही नव्हे, असा तिसरा शेरा आहे; त्याचे मराठी करावयाचे तर ‘अक्षर, इतर’.