नकाशा बदलताना परतीची वाट

१९ सप्टेंबर २०१२ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस ६ ही आवृत्ती आणली. फोन अपडेट केला, की त्यातला गूगलचा नकाशा जायचा आणि त्याच्या जागी ॲपलचा स्वतःचा नकाशा यायचा. जुना हवा की नवा, हे कोणी विचारत नव्हतं. नव्या नकाशात पूल वितळल्यासारखे दिसत होते, ठिकाणं भलतीकडेच सरकली होती. २८ सप्टेंबरला टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली आणि दुरुस्ती होईपर्यंत इतरांचे नकाशे वापरा, असंही सुचवलं.

डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी इशारा दिला. मिल्ड्युरा शहराकडे निघालेले लोक या नकाशावर विसंबून तिथून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरी-सनसेट राष्ट्रीय उद्यानात जाऊन अडकत होते. तिथे प्यायला पाणी नाही आणि पारा ४६ अंशांपर्यंत चढू शकतो.

नवा नकाशा चुकला, हे खरं. पण पहिल्या दिवशी सगळं बिनचूक असलेला नकाशा कोणीच बनवलेला नाही. लोक अडकले, कारण नवा आला त्याच क्षणी जुना काढून घेतला होता.

फोनमधला नकाशा फसला, तर आपण टपरीवर रस्ता विचारतो. पण महापालिका, वीज कंपन्या, वन विभाग यांच्याकडेही नकाशे असतात. कोणत्या गल्लीखालून जलवाहिनी जाते, तिचा व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या खांबावर कोणती लाइन आहे, ही माहिती आज अशा नकाशांत साठवलेली असते. तो नकाशा सोमवारी सकाळी उघडला नाही, तर कर्मचाऱ्याने खोदायचं कुठे? म्हणून नकाशा बदलायचा कसा, हा प्रश्न नकाशाइतकाच जुना आहे.

भारतात त्याचं एक उदाहरण थेट पृथ्वीच्या आकाराशी जोडलेलं आहे. १८०२मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३०मध्ये पृथ्वीच्या आकाराचं जे गणित मांडलं, त्यावर देशाचे नकाशे बेतले गेले. नंतर उपग्रह आले आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या चौकटीवर चालू लागलं. अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे एका चौकटीतून उचलून दुसरीत ठेवले, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकू शकते. शंभर मीटर म्हणजे शेजाऱ्याचं शेत! २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी डब्ल्यूजीएस-८४वर आधारलेली वेगळी नकाशामालिका ठरवली आणि संरक्षणासाठीची मालिका स्वतंत्र ठेवली. चौकट बदलायची, तर प्रत्येक बिंदूचं रूपांतर करून तो जमिनीवर ताडून पाहावा लागतो.

संगणकावरच्या नकाशांची गोष्ट १९६०च्या दशकात कॅनडात सुरू झाली. रॉजर टॉमलिन्सन यांनी तिथल्या सरकारसाठी जमिनीच्या वापराची माहिती संगणकात भरायची प्रणाली उभी केली. १९६९मध्ये जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्समध्ये एस्री ही संस्था काढली. १९८२मध्ये तिचं आर्क-इन्फो आलं, १९९०च्या दशकात शेपफाइल, १९९९च्या अखेरीस आर्कमॅप.

यातल्या शेपफाइलची एक खोड मराठी माणसाला लगेच कळेल. तिच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. इंग्रजीत ती १० अक्षरं झाली. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरलं जातं. म्हणजे ‘मालमत्ता’ असं नाव दिलं, तर जागा पुरते ती ‘माल’पर्यंत. नव्या डेटाबेसमधून जुन्या फाइलमध्ये माहिती उतरवताना अशी काटछाट होऊ शकते. वेगवेगळ्या रकान्यांची नावं सारखीच दिसू लागतात. म्हणून अपग्रेडच्या तयारीत पहिलं काम असतं यादी करण्याचं: कोणते नकाशे, कोणत्या स्वरूपात, कोण वापरतं आणि कशासाठी.

२००४मध्ये आर्कजीआयएस सर्व्हर आला आणि नकाशा टेबलावरच्या संगणकातून सर्व्हरवर गेला. २००६मध्ये ॲमेझॉनने भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली, तेव्हा सर्व्हरही ऑफिसच्या खोलीबाहेर पडला. आज ज्याला आर्कजीआयएस एंटरप्राइज म्हणतात, त्यात मुख्यतः चार भाग असतात: लोक लॉगिन करतात ते पोर्टल, नकाशे पुरवणारा सर्व्हर, माहिती ठेवणारा डेटा स्टोअर आणि दारावरचा वेब ॲडॉप्टर. अपग्रेडचाही क्रम ठरलेला असतो. आधी पोर्टल, मग सर्व्हर, मग डेटा स्टोअर. एकदा नवी आवृत्ती बसली, की ती काढून टाकल्याने जुनी परत येत नाही.

मग जुन्यावरच थांबायचं का? २०२१ने त्याचं उत्तर दिलं. त्या डिसेंबरात लॉग-फोर-जे या जगभर वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर त्रुटी सापडली आणि एस्रीलाही आपल्या सर्व्हरांसाठी तातडीचे उपाय द्यावे लागले. जुनं म्हणजे सुरक्षित, हा समज तिथे संपला. दुसरीकडे, त्याच वर्षीची १०.९.१ ही आर्कमॅपवरून प्रसिद्ध केलेल्या नकाशासेवा चालवणारी शेवटची आवृत्ती ठरली. २०२२च्या ११.०मध्ये जायचं, तर त्या सेवा आधी आर्कजीआयएस प्रोच्या इंजिनावर हलवाव्या लागतात. आर्कमॅपच्या निवृत्तीसाठी कंपनीने १ मार्च २०२६ ही तारीख ठरवली.

क्लाउडमुळे इथे एक मोठी सोय झाली. सगळ्या यंत्रणेची हुबेहूब प्रत काढून, चार दिवस चालवून, मोडून टाकता येते. पण त्यातही खाचाखोचा आहेत. चार यंत्रांचे स्नॅपशॉट चार वेगळ्या वेळी घेतले, तर पोर्टल म्हणतं नकाशा आहे आणि डेटा स्टोअर म्हणतो नाही. म्हणून सेवा थांबवून सगळे एकाच वेळी घ्यायचे आणि शिवाय प्रणालीचं स्वतःचं बॅकअप साधनही चालवायचं. या प्रणालीच्या पोटात तिचा वेबपत्ता साठवलेला असतो, त्यामुळे प्रतीलाही तोच पत्ता द्यावा लागतो, पण बाकी जगापासून तोडून. आणि ती प्रत चालू डेटाबेसला जोडलेली राहिली, तर चाचणीसाठी हलवलेली जलवाहिनी खऱ्या नकाशात हलते!

सगळ्यात नाजूक प्रश्न उरतो वेळेचा. नव्या प्रणालीवर लोक काम करू लागले, की दर तासाला त्यांच्या नव्या नोंदी जमा होतात. जुन्याकडे परत जायचं, तर त्या नोंदी गमावायच्या. शनिवारी रात्री परत फिरणं सोपं असतं, बुधवारी ते जवळजवळ अशक्य होतं. म्हणून नोंदी काही काळ थांबवायच्या आणि चाचणी तंत्रज्ञांनी एकट्याने करायची नाही. रोज व्हॉल्व्ह शोधणाऱ्या माणसाला नवा नकाशा उघडून बघायला लावायचं. किती वाजेपर्यंत काय चाललं नाही तर परत फिरायचं आणि तो निर्णय कोण घेणार, हे आधीच कागदावर लिहून ठेवायचं. रात्री दोन वाजता, थकलेल्या डोळ्यांनी ‘अजून थोडं बघू’ म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. तेव्हा तो कागदच कामाला येतो.