विस्मय : ज्ञानाचा उंबरठा

ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'थिएटेटस' या संवादात एक लक्षात राहण्याजोगा प्रसंग आहे. सॉक्रेटिस एका बुद्धिमान तरुणापुढे एकामागून एक कोडी टाकीत जातो. त्यांचा विचार करता करता आपल्याला भोवळ आल्यासारखे होते, असे तो तरुण प्रांजळपणे सांगतो. सॉक्रेटिस त्याला हसत नाही. हा विस्मय हीच तत्त्वचिंतकाची खूण आहे आणि तत्त्वज्ञानाचा उगम येथेच आहे, असे सांगून तो त्याला धीर देतो. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने हाच धागा पुढे नेला. माणसे प्रथम जवळच्या अवघड गोष्टींनी चकित झाली. मग चंद्राच्या कला, सूर्य, तारे आणि अखेर विश्वाची उत्पत्ती यांविषयी विचारू लागली. जो चकित होतो त्याला आपल्या अज्ञानाची जाणीव होते आणि ते दूर व्हावे एवढ्यासाठीच तो ज्ञानाची वाट धरतो.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल. आपल्या ख्रिस्ती परंपरेने जिज्ञासेकडे संशयानेच पाहिले नाही काय? शंका अगदीच निराधार नाही. संत अगस्तीन यांनी 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कुतूहलाला डोळ्यांची वासना मानले आहे. घरात बसले असता माश्या पकडणारी पाल किंवा जाळे विणणारा कोळी आपले चित्त वेधून घेतो, याचीही त्यांनी स्वतःला बोच लावून घेतली. परंतु त्याच ग्रंथाचा अकरावा भाग वाचला म्हणजे दुसरे अगस्तीन भेटतात. आकाश व पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी परमेश्वर काय करीत होता, या प्रश्नाला त्या काळी एक खोचक उत्तर दिले जाई : असले खोल प्रश्न उकरणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता! अगस्तीन हे उत्तर नाकारतात. गंभीर प्रश्न विचारणाऱ्याची टर उडविण्यापेक्षा आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणणे त्यांना अधिक पसंत आहे. आणि मग ते स्वतःच काळ म्हणजे काय, या कूट प्रश्नात खोल उतरतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या दोन प्रवृत्तींना दोन वेगळी नावे देऊन गुंता सोडविला. एक अभ्यासवृत्ती, ती सद्गुण होय. दुसरे भरकटलेले कुतूहल. तो दोष होय. सत्य जाणणे ही स्वतः चांगलीच गोष्ट आहे, असे ते मानतात. दोष शिरतो तो गर्वासाठी ज्ञान मिळविण्यात, किंवा आपले कर्तव्य सोडून निरुपयोगी गोष्टींच्या मागे लागण्यात. हा विवेक ख्रिस्तसभेच्या इतिहासात सदैव पाळला गेला असे मात्र म्हणता येणार नाही. 1633 साली गॅलिलिओवर झालेला खटला आपणांस ठाऊक आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली त्या प्रकरणातील चुका जाहीरपणे मान्य केल्या.

गॅलिलिओचे नाव सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच शतकातील निकोलस स्टेनो यांची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. स्टेनो 1638 साली कोपनहेगन येथे एका सोनाराच्या घरी, लुथरन कुटुंबात जन्मले. वैद्यकाचा अभ्यास करीत असता, 1660 साली मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना, कानाजवळच्या ग्रंथीपासून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यांना सापडली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे 1665 साली पॅरिसमधील विद्वानांपुढे मेंदूवर व्याख्यान देताना त्यांनी आरंभीच सांगितले की, या विषयात आपल्याला काहीही ठाऊक नाही!

1666 साली ते फ्लॉरेन्स येथे असताना लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला. त्याचे डोके विच्छेदनासाठी स्टेनोंकडे आले. त्याचे दात पाहून त्यांना खडकांत सापडणारे 'जिभेचे दगड' आठवले. हे दगड आकाशातून पडतात किंवा खडकातच वाढतात, अशी समजूत होती. माल्टा बेटावर तर ते सापांच्या जिभांचे दगड मानले जात. संत पौलाच्या हाताला तेथे सर्प झोंबल्याची कथा 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. तिच्याशी लोकांनी ही समजूत जोडली होती. हे दगड म्हणजे शार्कचे दात होत, असे फाबियो कोलोन्ना याने 1616 सालीच म्हटले होते. स्टेनोंनी पुढचा प्रश्न विचारला : एक घन वस्तू दुसऱ्या घन वस्तूच्या पोटात गेली कशी?

दात खडकात वाढले असते तर त्यांनी खडकाला तडे पाडले असते, किंवा स्वतः वेडेवाकडे झाले असते. ते तर अखंड व रेखीव होते. म्हणजे दात आधीचे. भोवतालचा गाळ मागाहून घट्ट झाला. मग गाळाचे थर एकावर एक साचले असणार, तळचा थर सर्वांत जुना असणार, आणि आज तिरपे दिसणारे थर मुळात आडवे असणार. 1669 साली छापलेल्या छोट्या ग्रंथातील हे नियम आजही भूशास्त्राचा पाया आहेत. पृथ्वी किती प्राचीन आहे याची कल्पना स्टेनोंना नव्हती. त्यांनी थरांचा मेळ जलप्रलयाशी घातला. परंतु खडक वाचण्याची लिपी त्यांनी जगाला दिली.

श्रद्धेच्या बाबतीतही त्यांनी प्रश्न टाळला नाही. लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून ते अंतर्मुख झाले. ही केवळ भाकर असेल तर हे लोक भ्रमात आहेत. हा खरोखर ख्रिस्त असेल तर आपण त्याला वंदन का करीत नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी अभ्यासाने व प्रार्थनेने केला आणि 1667 साली ते कॅथोलिक झाले. 1675 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, 1677 साली ते बिशप झाले. उत्तर जर्मनीत अत्यंत साधेपणाने सेवा करीत 1686 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. 1988 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

दिसते त्याहून जाणलेले सुंदर आणि जे अद्याप अज्ञात आहे ते सर्वांहून सुंदर, अशी स्टेनोंची धारणा होती. ज्याला अज्ञाताचे भय वाटत नाही, त्याचीच अशी धारणा असू शकते. आपल्या घरांतही हे निर्भय वातावरण हवे. देवाला कोणी निर्माण केले, मेलेल्या आजीला आता दिसते का, असे प्रश्न मुले जेवताना विचारतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतात. अनेकदा आपण त्यांना गप्प बसवितो आणि त्यालाच श्रद्धेचे रक्षण समजतो. अशा वेळी अगस्तीनांनी नाकारलेलेच उत्तर आपण देत असतो. ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि मुलासोबत शोधायला बसावे. श्रद्धेला त्यात काही धोका आहे, असे आम्हांस वाटत नाही.