मुडदूस, ऊन आणि साठ हजारांची पुडी

नाशकात हचिसन आणि शाह या संशोधकांनी मुडदुसाचा अभ्यास केला. तो १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यात वाढणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या मुलांत हा आजार आढळे. उन्हात वावरणारी गरिबांची मुले बरीचशी त्यातून सुटत. आहारापेक्षा उन्हाची उणीव मोठी, हे मोलाचे निरीक्षण होते. त्याच वर्षी संशोधक मॅककॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला; पुढे तोच ‘ड’ जीवनसत्त्व ठरला.

आज याच ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, दुधातून किंवा जेवणानंतर देतात. ती रोज घेतली जाऊ नये म्हणून परिचारिकेने ठरलेला वार पुडीवरच लिहून द्यावा. मळमळ, बद्धकोष्ठ, अति तहान, वारंवार लघवी ही रक्तात कॅल्शियम वाढल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. मुतखड्याची तक्रार आणि डिगॉक्सिनसारखी औषधे आधीच विचारावीत.